२२ हजार ग्रंथांची संगणकीय नोंद : काम कसे विभागावे आणि प्रगती कशी मोजावी?

कार्यवाह_वाचनालय (प्रश्न)

नमस्कार. आमचे वाचनालय तालुक्याच्या गावी असून संग्रहात सुमारे २२ हजार ग्रंथ आहेत. एक ग्रंथपाल, एक लिपिक आणि सुट्टीच्या दिवशी येणारे काही महाविद्यालयीन विद्यार्थी एवढेच मनुष्यबळ आहे. संपूर्ण संग्रहाची नोंद कोहा या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त संगणक प्रणालीत करून देवघेव संगणकावर आणावी, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला आणि त्याप्रमाणे कामास सुरुवातही झाली.

सध्या दाखल नोंदवही (संग्रहात आलेला प्रत्येक ग्रंथ क्रमांक देऊन जीत लिहिला जातो ती वही) समोर ठेवून पहिल्या दाखल क्रमांकापासून ओळीने नोंदी टंकित केल्या जात आहेत. सर्व नोंदी झाल्यावर त्या तपासायच्या, मग वर्गांक (विषयानुसार पुस्तकाची जागा ठरवणारे क्रमांक) द्यायचे, त्यानंतर बारकोड छापून चिकटवायचे आणि शेवटी देवघेव सुरू करायची, असा क्रम ठरला आहे. काम करणारी माणसे प्रामाणिक आहेत आणि रोज काही ना काही होतच असते. तरीही मासिक सभेत ‘किती झाले?’ असे विचारले की ‘काम सुरू आहे’ यापलीकडे ठोस उत्तर देता येत नाही. टंकित झालेल्या नोंदींचा आकडा सांगता येतो, परंतु त्यातील एकही पुस्तक वाचकाला संगणकावरून देता येत नसल्यामुळे त्या आकड्याचा अर्थ काय, हे सदस्यांना आणि खरे तर मलाही सांगता येत नाही. विद्यार्थ्यांचा उत्साहही ओसरू लागला आहे, कारण आपण कुठे पोहोचलो आहोत हे त्यांना दिसत नाही.

हे काम लहान टप्प्यांत विभागायला हवे, इतके कळते. प्रश्न असा आहे की ते कोणत्या रेषेवर विभागावे, एक टप्पा केवढा असावा आणि तो पूर्ण झाला असे केव्हा म्हणावे? ज्यांनी असे काम पार पाडले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_ग्रंथपाल

कार्यवाह महोदय, आपण काम विभागलेले नाही असे नाही. टंकन, तपासणी, वर्गीकरण, बारकोड आणि देवघेव असे पाच भाग आपण पाडलेलेच आहेत. अडचण अशी की हे पाचही भाग २२ हजार ग्रंथांवर पसरलेले असल्यामुळे प्रत्येक भाग मूळ कामाइतकाच अवाढव्य राहतो, आणि पाचवा भाग संपेपर्यंत पहिल्या चारांचा उपयोग वाचकाला होत नाही. म्हणून क्रियेनुसार केलेली ही विभागणी सोडून जागेनुसार विभागणी करावी, असे मी आग्रहाने सुचवतो. कपाट हा मोठा टप्पा आणि कपाटाचा एक खण हा लहान टप्पा. एका खणातील सर्व पुस्तकांवर पाचही क्रिया पूर्ण करायच्या आणि मगच पुढच्या खणाला हात लावायचा.

यामागे एक व्यावहारिक कारण आहे. दाखल क्रमांकाचा क्रम हा पुस्तक कधी आले त्याचा क्रम आहे. ते आज कुठे आहे त्याचा नाही. एकाच दिवशी दाखल झालेली कादंबरी, चरित्र आणि पाकशास्त्राचे पुस्तक तीन वेगळ्या कपाटांत असणार. नोंदवहीच्या क्रमाने गेल्यास बारकोड चिकटवताना प्रत्येक पुस्तक शोधत सगळे वाचनालय फिरावे लागेल. शिवाय जुन्या नोंदवहीत हरवलेली, फाटलेली आणि पूर्वीच बाद झालेली पुस्तकेही असतात. ती टंकित करण्यात गेलेला वेळ पूर्णपणे वाया जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे संगणकावर दिसणारे पुस्तक कपाटात नसल्याचे वाचकाला सांगावे लागते. खणापासून सुरुवात केली की हातात प्रत्यक्ष पुस्तक असते, आणि नोंदवही ही केवळ पडताळणीपुरती उघडावी लागते.

आता एका खणाचे काम नेमके कसे चालते ते लिहितो. दोघांची जोडी असावी. पहिल्याने खणातील पुस्तके उतरवून पुसून घ्यावीत आणि प्रत्येकाचा दाखल क्रमांक मोठ्याने वाचावा; दुसऱ्याने तो नोंदवहीत पाहून लेखक आणि शीर्षक जुळते का ते सांगावे. जुळत नसेल तर त्या पुस्तकात रंगीत चिठ्ठी घालून ते बाजूला ठेवावे, तेथेच वाद घालत बसू नये. मग शीर्षकपृष्ठावरून संगणकात नोंद करावी. मुखपृष्ठावरून करू नये, कारण मुखपृष्ठावर लेखकाचे नाव अनेकदा अपुरे असते आणि आवृत्तीचा उल्लेख तर क्वचितच असतो. नोंद करणाऱ्याने जागा बदलावी आणि दुसऱ्याने पुस्तक हातात घेऊन पडद्यावरील नोंद वाचावी. त्यानंतर वर्गांक, बारकोड आणि पुस्तक परत खणात. खणातील शेवटचे पुस्तक बारकोड यंत्राने वाचले गेले आणि पडद्यावर योग्य शीर्षक आले, म्हणजे तो खण पूर्ण. ‘पूर्ण’ची ही व्याख्या लिहून भिंतीवर लावावी आणि तीत कोणासाठीही सवलत ठेवू नये. नोंद झाली पण तपासली नाही, बारकोड छापला पण चिकटवला नाही, असे खण अपूर्णच धरावेत.

खणच का, याचेही उत्तर देतो. साधारण खणात ४० ते ५० पुस्तके मावतात. एक जोडी एका बैठकीत तेवढी सहज हातावेगळी करते. सकाळी उघडलेला खण संध्याकाळी बंद झाला की उद्या येणाऱ्याला ‘काल कुठपर्यंत आलो होतो’ हे विचारावे लागत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तर हे फारच महत्त्वाचे आहे. संपूर्ण कपाट हा टप्पा धरला तर तो आठवडाभर अर्धवट राहतो. एकेक पुस्तक मोजत बसले तर आकडा रोज वाढतो, पण काहीच संपल्यासारखे वाटत नाही.

सरसकट सुरुवात करण्यापूर्वी मात्र एक कपाट मुद्दाम निवडून केवळ नियम ठरवण्यासाठी करावे. त्यात जुनी, नवी, अनुवादित, बहुखंडी अशी सर्व प्रकारची पुस्तके असावीत. मराठी संग्रहात जे प्रश्न येतात ते बहुतेक या एका कपाटातच येऊन जातात. शिरवाडकरांची नाटके त्यांच्या नावावर आणि कविता कुसुमाग्रज या नावावर आहेत. दोन्ही एकत्र सापडण्यासाठी कोणते नाव मुख्य धरायचे? गडकरी आणि गोविंदाग्रज, अत्रे आणि केशवकुमार यांचाही प्रश्न तोच. शीर्षकपृष्ठावर केवळ ‘शके १८४५’ असेल तर ७८ मिळवून १९२३ लिहायचे की शकही नोंदवायचा? १९६२च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘घरांतील’ अशी अनुस्वारयुक्त रूपे शीर्षकातच असतात, आणि आजचा वाचक शोधताना ‘काही’ असेच टंकित करणार. आम्ही शीर्षक छापल्याप्रमाणे ठेवून आजचे रूप पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात, म्हणजे मार्क या ग्रंथनोंदीच्या संगणकीय पद्धतीतील २४६ क्रमांकात, देत होतो. असा प्रत्येक निर्णय एका वहीत तारखेसह लिहावा. ही वही नसेल तर दहाव्या कपाटावर बसलेली जोडी पहिल्या कपाटापेक्षा वेगळे नियम लावते आणि सारे काम पुन्हा तपासावे लागते.

नियमांचे हे कपाट सावकाश होईल. त्याच्या वेगावरून उरलेल्या कामाचा अंदाज बांधू नये.

विदा_आणि_वाचन

मी संगणक क्षेत्रात काम करतो आणि आमच्या गावच्या वाचनालयाला याच कामात मदत केली आहे. वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. प्रगती मोजण्याविषयी थोडी भर घालतो.

वरील आकड्यांनुसार एका खणात सरासरी ४५ पुस्तके धरली तर २२ हजार पुस्तकांचे सुमारे ४९० खण होतात. दोन जोड्या रोज एकेक खण पूर्ण करू शकल्या तर २४५ कामाचे दिवस लागतील, म्हणजे सुट्ट्या धरून दहा-अकरा महिने. ४९० हा आकडा मंडळासमोर ठेवण्याजोगा आहे, कारण तो कोणीही कपाटांसमोर उभे राहून मोजू शकतो. पुढील सभेत ‘काम सुरू आहे’ऐवजी ‘४९०पैकी ६० खण पूर्ण झाले असून त्यांतील पुस्तकांची देवघेव संगणकावर चालू आहे’ असे सांगता येईल.

यासाठी कोणत्याही खास प्रणालीची गरज नाही. सर्व कपाटांचा एक साधा नकाशा मोठ्या कागदावर काढावा, प्रत्येक खणाला एक चौकोन द्यावा आणि खण पूर्ण झाला की जोडीने आपली आद्याक्षरे व तारीख टाकून तो रंगवावा. हा कागद वाचकांनाही दिसेल अशा ठिकाणी लावावा. अर्धा रंगवलेला चौकोन ही सोय ठेवू नका. अर्ध्या कामाची टक्केवारी आपण नेहमी स्वतःच्या बाजूने लावतो, आणि ‘नव्वद टक्के झाले’ असे म्हटलेले काम त्याच अवस्थेत महिनोन् महिने पडून राहते. त्याचप्रमाणे एका जोडीकडे एका वेळी एकच खण उघडा असावा, हा नियम कसोशीने पाळावा. एका पुस्तकाच्या शंकेमुळे खण अडला तर ते पुस्तक ‘शंका’ असे लिहिलेल्या वेगळ्या खणात ठेवून मूळ खण बंद करावा. शंकेच्या खणातील पुस्तकांची संख्या मात्र नकाशाखाली ठळकपणे लिहावी आणि ती दर आठवड्याला संपवावी, नाहीतर अवघड ते सगळे तेथे साचत जाते.

सर्व खण सारख्या मेहनतीचे नसतात, हेही लक्षात घ्या. अलीकडच्या पुस्तकांवर आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक छापलेला असतो आणि अनेकदा तयार नोंद उतरवून घेता येते. त्याउलट शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची प्रत्येक ओळ हाताने टंकित करावी लागते, पाने जपून उलटावी लागतात आणि काही वेळा शीर्षकपृष्ठच गायब असते. म्हणून खणांचे सोपे, मध्यम आणि अवघड असे तीन गट आधीच पाडावेत आणि प्रत्येक गटाचा वेग वेगळा नोंदवावा. सगळे सोपे खण आधी उरकले तर सुरुवातीच्या वेगावरून केलेला अंदाज हमखास फसतो. दर आठवड्यात एखादा अवघड खण घेतला की अंदाजही खरा राहतो आणि कंटाळाही येत नाही.

आतापर्यंत टंकित झालेल्या नोंदी फेकून देऊ नका. त्या एक्सेलमध्ये असतील तर ज्या खणाचे काम चालू आहे त्यातील दाखल क्रमांकांच्याच ओळी निवडून कोहात आणा. मात्र फाइल साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. साधा सीएसव्ही निवडल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि मूळ मजकूर त्या फाइलमधून परत मिळत नाही. नोंदी जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असतील तर आधी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागेल. येथेही संपूर्ण फाइल एकदम न आणता पहिल्यांदा एकाच खणाची आणून पाहावी. चूक निघालीच तर ती ४५ नोंदींत निघेल, काही हजारांत नाही. आणि रोज संध्याकाळी विदासंचाची, म्हणजे सर्व संगणकीय नोंदींची, प्रत वाचनालयाबाहेर ठेवली जाईल अशी व्यवस्था काम सुरू होण्यापूर्वीच करा.

कार्यवाह_वाचनालय

दोघांचेही मनःपूर्वक आभार. खणाचा विचार मंडळातील सदस्यांना आणि ग्रंथपालताईंनाही लगेच पटला. दोन शंका उरतात. आमची देवघेव बंद ठेवता येणार नाही, त्यामुळे खणाचे काम चालू असताना त्यातील काही पुस्तके वाचकांच्या घरी असणार. असा खण पूर्ण कसा म्हणायचा? आणि सुरुवात कोठून करावी? काही सदस्यांचे मत आहे की दुर्मीळ आणि जुन्या ग्रंथांपासून करावी, कारण तोच आमचा खरा ठेवा आहे.

देवघेव_विभाग

सुरुवातीविषयी माझे मत स्पष्ट आहे: कादंबऱ्या, चरित्रे आणि बालविभाग यांपासूनच करावी. दुर्मीळ ग्रंथांविषयीची सदस्यांची भावना योग्य आहे आणि मलाही ते ग्रंथ तितकेच प्रिय आहेत. परंतु ते वाचनालयाबाहेर फारसे जात नाहीत, म्हणून त्यांची संगणकीय नोंद थोडी उशिरा झाल्याने कोणाचे अडत नाही. ज्या कपाटांसमोर रोज वाचक उभे असतात ती आधी झाली तर पहिल्याच महिन्यात देवघेवीच्या टेबलावर फरक दिसतो. एखादी आजी नातवाला घेऊन येते, मुलाचे पुस्तक यंत्राखाली धरल्याबरोबर त्याचे नाव पडद्यावर येते आणि तो मुलगा दुसरे पुस्तक स्वतः यंत्राखाली धरायला मागतो, हे आमच्याकडे बालविभागाचे दोनच खण पूर्ण झालेले असतानाही घडत होते. त्यानंतर विद्यार्थ्यांना कामासाठी बोलवावे लागत नसे.

वरील प्रतिसादांत एक गोष्ट मला थोडी वेगळी वाटते. काम केवळ खणानुसारच व्हावे असे नाही. वाचकाकडून परत आलेले पुस्तक हे सर्वांत जास्त फिरणारे पुस्तक असते, आणि ते आयतेच आपल्या टेबलावर आलेले असते. ते तसेच कपाटात परत जाऊ देऊ नये. टेबलाशेजारी ‘परत आलेली’ असा एक स्वतंत्र खण ठेवावा, बारकोड नसलेले प्रत्येक परत आलेले पुस्तक आधी त्यात जावे, आणि तो खण भरला की नेहमीच्या खणाप्रमाणेच त्यावर सर्व क्रिया करून मग पुस्तके आपापल्या जागी लावावीत. म्हणजे मोजमापही बिघडत नाही आणि आपल्या पहिल्या शंकेचे उत्तरही मिळते: खण पूर्ण करताना त्या वेळी त्यात असलेली पुस्तके तेवढी पाहावीत; बाहेर असलेली पुस्तके परत येतील तेव्हा या वाटेने नोंदली जातीलच. एवढी काळजी घ्यावी की देवघेवीच्या टेबलावर बसलेल्या व्यक्तीने, कितीही गर्दी असली तरी, बारकोड आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पुस्तक पुढे सरकवू नये.

मासिके आणि बांधीव दिवाळी अंक यांना सध्या हात लावू नका. त्यांच्या नोंदीची पद्धत वेगळी आहे आणि ते स्वतंत्र काम म्हणून पुढच्या वर्षी घेतलेले बरे. अंक वगळून खणांची एकूण संख्या आधीच जाहीर केली नाही, तर मध्येच कोणीतरी ‘हे राहिले’ म्हणून ते आणून ठेवते आणि एकूण आकडा वाढत जातो.

निवृत्त_ग्रंथपाल

‘परत आलेली’ हा खण उत्तम आहे. आमच्याकडे तो असता तर बरेच श्रम वाचले असते. कार्यवाहांच्या पहिल्या शंकेत जो मोठा प्रश्न दडलेला आहे त्याबद्दल मात्र आताच लिहितो, कारण नकाशावरील सर्व चौकोन रंगले तरी काम संपत नाही आणि याची कल्पना मंडळाला आधीपासून असावी.

सर्व खण झाल्यावर कोहातील दाखल क्रमांक आणि नोंदवहीतील दाखल क्रमांक यांची तुलना केली की जे क्रमांक जुळत नाहीत त्यांची यादी उरते. जुन्या वाचनालयात ती लहान नसते. तिला ‘हरवलेली पुस्तके’ असे लगेच म्हणू नये. त्यात काही पुस्तके वाचकांकडे असतात, काही बांधणीसाठी गेलेली असतात, काही पूर्वीच बाद झालेली पण नोंदवहीच्या शेरा रकान्यात तसे न लिहिलेली असतात, आणि काही तर चुकीच्या क्रमांकाखाली संगणकात आलेली असतात. म्हणून या यादीचेही टप्पे पाडावेत. प्रथम सभासदांच्या देवघेव कार्डांशी ताडून पाहावे, मग बांधणीच्या पावत्यांशी, मग मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांतील बाद ग्रंथांच्या ठरावांशी. प्रत्येक टप्प्यानंतर यादी किती कमी झाली ते सभेत सांगावे. दीर्घकाळ न परतलेल्या पुस्तकांसाठी सभासदांना पत्रे गेली की काही पुस्तके खरोखर परत येतात, असा माझा अनुभव आहे.

यानंतरही जे उरेल तेवढ्याच ग्रंथांच्या निर्लेखनाचा, म्हणजे संग्रहातून कमी करण्याचा, प्रस्ताव मंडळापुढे आणावा. त्या ठरावाला केवळ एकूण संख्या आणि किंमत न जोडता प्रत्येक ग्रंथाचा दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक आणि त्यासाठी कोणकोणत्या टप्प्यांवर शोध घेतला याची नोंद जोडावी, आणि नोंदवहीतील त्या त्या ओळीसमोर ठरावाचा क्रमांक व दिनांक लाल शाईने लिहावा. हा ठराव संमत झाला त्या दिवशी आपल्या २२ हजारांच्या कामाला ‘पूर्ण’ म्हणावे.